टपालाने खेळलेला डाव

मराठवाड्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले हिंगोली हे गाव एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या फौजेची एक मोठी छावणी तेथे होती. छावणी म्हटली म्हणजे हुकूम, अहवाल आणि खुशालीची पत्रे यांची ये-जा आलीच. त्या काळी आपल्या देशात आगगाडी धावत नव्हती आणि तारायंत्रही आलेले नव्हते. पत्रांच्या थैल्या खांद्यावर घेऊन डाकेचे हरकारे मजल दरमजल धावत असत. एकाचा टप्पा संपला, की दुसरा तीच थैली उचलून पुढे निघे. राजधानी हैदराबाद येथून निघालेले पत्र दूरच्या गावी पोचेपर्यंत कित्येक दिवस लोटत.

अशा त्या काळात, १८२८ साली, हैदराबाद आणि मद्रास या दोन शहरांतील बुद्धिबळपटूंमध्ये एक सामना सुरू झाला. या दोन शहरांमधील अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. सामन्यासाठी कोणी कोणाच्या गावी गेले नाही. हैदराबादकरांनी आपला पट हैदराबादेत मांडला व मद्रासकरांनी आपला पट मद्रासेत मांडला. एका बाजूने खेळी करावी, ती कागदावर लिहून डाकेत टाकावी आणि उत्तराची वाट पाहावी, असा हा खेळ १८२९ सालापर्यंत चालला. मद्रासच्या बाजूला गुलाम कासीम नावाचा नामांकित खेळाडू होता. त्याने व जेम्स कॉक्रन या मुलकी अधिकाऱ्याने मिळून १८२९ मध्ये मद्रास येथे बुद्धिबळावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. या सामन्यातील दोन्ही डाव त्यात छापलेले आहेत. त्यामुळे ज्यांनी एकमेकांची तोंडेही कदाचित पाहिली नसतील, अशा खेळाडूंचे डाव आजही पुन्हा मांडून पाहता येतात.

समोरासमोर बसून खेळताना ज्या गोष्टी सहज साधतात, त्या दुरून खेळताना मुद्दाम योजाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे नियम. दोन्ही बाजूंचे नियम एकच नसतील, तर डाव चालणेच अशक्य. त्या काळी आपल्या देशात बुद्धिबळ घरोघरी खेळले जाई. परंतु देशी पद्धत व विलायती पद्धत यांत भेद होता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरके. विलायती पद्धतीत त्याला आरंभी दोन घरे जाण्याची मुभा होती. राजाला एकदाच घोड्याची चाल देण्याचा प्रघात देशी खेळात बहुतेक ठिकाणी होता, तर विलायती खेळात त्याऐवजी किल्लेकोट करीत. हा भेद जाणून विलायती पद्धत समजावून देणारा एक संस्कृत ग्रंथ त्रिवेंगडाचार्य शास्त्री या विद्वान खेळाडूने रचला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. अशा ग्रंथांमुळे दूरदूरच्या खेळाडूंना एकाच नियमाने खेळणे सुकर झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळी कळविण्याची भाषा. “उजवीकडचा घोडा जरा पुढे घेतला,” असे पत्रात लिहून भागत नाही. उजवी बाजू कोणाची? पुढे म्हणजे किती? पटावर चौसष्ट घरे असतात, तेव्हा प्रत्येक घराला स्वतःचे नाव असले पाहिजे. याकरिता पुढे एक सोपी अंकपद्धती रूढ झाली. पांढऱ्या सोंगट्यांच्या बाजूने पाहिले असता पटावरील उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे १ ते ८ असे अंक द्यावयाचे व आडव्या ओळींना खालून वर १ ते ८ असे अंक द्यावयाचे. आधी पट्टीचा अंक व मग ओळीचा अंक लिहिला, की घराचा पत्ता तयार होतो. सोंगटी ज्या घरातून निघाली त्या घराचा पत्ता आणि जेथे पोचली त्या घराचा पत्ता असे चार अंक लिहिले, की खेळी पूर्ण झाली. पांढऱ्या राजापुढचे प्यादे पाचव्या पट्टीत दुसऱ्या ओळीवर उभे असते. ते दोन घरे पुढे गेले, तर लिहावयाचे ५२५४. काळ्याने त्याला तसेच उत्तर दिले, तर ५७५५. पांढऱ्याचा उजवा घोडा बाहेर आला, तर ७१६३.

या चार अंकांत मराठी नाही, तेलुगू नाही आणि इंग्रजीही नाही. म्हणूनच जगातील कोणत्याही भाषेच्या खेळाडूला ते वाचता येतात. भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू केला, त्यामागील विचारही असाच आहे. ४३१५१३ हे सहा अंक पाहिले, की दूरच्या राज्यातील टपाल कर्मचाऱ्यालाही ते पत्र हिंगोलीला जावयाचे आहे हे कळते. पत्त्याची लिपी त्याला वाचता आली नाही तरी चालते. मात्र अशा आकड्यांनी कधी कधी घोटाळाही झाला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी जाणारी पत्रे सरकारी तपासनीस उघडून पाहत. नुसत्या आकड्यांनी व अक्षरांनी भरलेल्या कागदात शत्रूला पाठविलेला गुप्त संदेश दडलेला असेल, अशी भीती त्यांना वाटे. त्यामुळे अमेरिकेत बुद्धिबळाच्या खेळ्या टपालाने परदेशी पाठविण्यास मनाई करण्यात आली होती.

टपाल जसजसे स्वस्त झाले, तसतसा हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. १८५४ सालापासून भारतात पत्राचा दर अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागला. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कोठेही जाऊ लागले. पुढे १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड आले. त्याची किंमत अवघा पाव आणा होती. चार अंक लिहावयाला कार्डाएवढा कागद पुरून उरतो. त्यामुळे पोस्टकार्ड म्हणजे टपाली बुद्धिबळाचे जणू वाहनच ठरले.

हा डाव प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. वसमतची एक मुलगी आणि सेनगावचा तिचा मावसभाऊ यांनी टपालाने खेळावयाचे ठरविले. ताईकडे पांढऱ्या सोंगट्या, भावाकडे काळ्या. ताईने कार्डावर तारीख घातली व लिहिले, “पहिली खेळी ५२५४.” कार्ड सेनगावला पोचले. भावाने आपल्या पटावर ताईचे प्यादे हलविले, विचार केला, आणि उलट कार्डावर आधी ताईची खेळी पुन्हा उतरून काढली व मग आपले उत्तर लिहिले. आलेली खेळी पुन्हा लिहिण्याची ही चाल फार शहाणपणाची आहे. वाचताना एखाद्या अंकाची चूक झाली असेल, तर ती तेथेच उघडकीस येते. नाहीतर दोन गावांतील दोन पटांवर दोन निरनिराळे डाव सुरू होतील आणि ते कोणाला कळणारही नाही.

एका डावात प्रत्येकाच्या चाळीस खेळ्या झाल्या, तर कार्डे लागतील ऐंशी. एक कार्ड लिहून पोचावयास तीन दिवस लागतात असे धरले, तर डावाला दोनशे चाळीस दिवस, म्हणजे आठ महिने लागतील. आषाढात मांडलेला डाव फाल्गुनात संपेल! हा वेळ वाचविण्यासाठी खेळाडू एक युक्ती करतात. ताई आपल्या पहिल्याच कार्डात लिहू शकते, “तू ५७५५ खेळलास, तर माझी पुढची खेळी ७१६३ समज.” भावाने तसेच खेळले, तर एक कार्ड वाचते. त्याने दुसरे काही खेळले, तर ती अट आपोआप रद्द होते.

परंतु कार्ड एकदा पेटीत पडले, की ते परत घेता येत नाही. समोरासमोरच्या खेळात सोंगटीला हात लावला, की ती हलविलीच पाहिजे, असा दंडक आहे. टपाली खेळात सोंगटीला हात कितीही वेळा लावावा, पट कितीही वेळा मांडावा व मोडावा. पण लिहून पाठविलेला शब्द हा शेवटचा शब्द होय. या दंडकाची कसोटी एका प्रसिद्ध सामन्यात लागली. १८२४ ते १८२८ या काळात लंडन व एडिंबरो या शहरांच्या बुद्धिबळ मंडळांनी टपालाने पाच डाव खेळले. त्यांतील एका डावात लंडनकरांनी खेळी पाठविली आणि मागाहून त्यांना आपली चूक उमगली. त्यांनी खेळी मागे घेऊ द्यावी, अशी मागणी केली. एडिंबरोकरांनी ती नाकारली. पाठविलेली खेळी पाठविलीच, असे त्यांचे म्हणणे होते. तो सामना शेवटी एडिंबरोने जिंकला. त्यांचे दोन डाव जिंकून, एक हरून व दोन बरोबरीत सुटले होते.

टपाली खेळाला लागणारा धीर सामान्य नव्हे. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची पाचवी स्पर्धा १९६५ साली सुरू झाली व १९६८ साली संपली. अमेरिकेचा हान्स बर्लिनर तीत अजिंक्य ठरला. एकेका पत्राची वाट पाहत तीन वर्षे मन एकाग्र ठेवणे म्हणजे एक प्रकारची तपश्चर्याच होय.

आतापर्यंत जो खेळ पाहिला, त्यात एकाने खेळावे व मग दुसऱ्याने खेळावे असा क्रम आहे. दोघेही सर्व काही पाहू शकतात, लपविण्यासारखे काही नसते. म्हणून तेथे पत्रांवरच काम भागते. परंतु सर्व खेळ असे नसतात. मुठीत चिंचोके धरून “एकी की बेकी?” असे विचारण्याचा खेळ मुलांच्या परिचयाचा आहे. हाच खेळ टपालाने खेळला तर काय होईल? ताईने लिहिले, “चिंचोके घेतले आहेत, एकी की बेकी?” भावाने चार दिवसांनी कळविले, “एकी.” आता ताईच्या मुठीत खरोखर किती चिंचोके होते, हे कोणी सांगावे? तिने सात घेतले असून आठ सांगितले, तर सेनगावात बसलेल्या भावाला ते कळणार नाही. आणि ती खरे बोलली, तरी हरलेल्या भावाच्या मनात शंका राहील. खोटे न बोलणाऱ्यावरही संशय यावा, हे अधिकच वाईट.

यावर उपाय एकच. दोघांचाही ज्याच्यावर विश्वास आहे, असा तिसरा मनुष्य मध्ये हवा. ताईने आपला आकडा बंद पाकिटात घालून शाळेतील गुरुजींकडे आधीच द्यावा, भावाचे उत्तर आले म्हणजे गुरुजींनी पाकीट फोडावे व निकाल सांगावा. गुरुजी स्वतः खेळत नाहीत, त्यांना कोणाच्या हारजितीशी कर्तव्य नाही आणि वेळ येईपर्यंत ते गुपित राखतात. पंच म्हणतात तो हाच.

असा पंच ज्याच्यावाचून टपालाने खेळताच येत नाही, असा एक पटावरचा खेळ अमेरिकेच्या ॲलन कॅलहॅमर याने १९५४ साली रचला व १९५९ साली स्वतः प्रसिद्ध केला. त्याचे नाव डिप्लोमसी, म्हणजे मुत्सद्देगिरी. त्याचा पट म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा. सात खेळाडू सात राज्ये चालवितात. नकाशावर चौतीस महत्त्वाची ठाणी आहेत. त्यांतील अठरा जो काबीज करील, तो जिंकला. या खेळात फासा नाही, तेव्हा नशिबाला वाव नाही. सर्व सैन्यांचे बळ सारखे असते. दोन सैन्ये एकाच रिकाम्या प्रांतात शिरू लागली, तर कोणालाच शिरता येत नाही. मात्र ज्याला दुसऱ्या सैन्याचा अधिक पाठिंबा असेल, ते शिरते. पाठिंबा आपल्या सैन्याचा असो वा शेजारी राज्याचा असो, तो चालतो. म्हणून प्रत्येक खेळाडू आधी इतरांशी बोलणी करतो, वचने देतो व घेतो. त्यानंतर सातही जण आपापले हुकूम गुप्तपणे लिहितात व ते एकाच वेळी उघडले जातात.

हे हुकूम टपालाने पाठवावयाचे तर ते कोणाकडे? सातांपैकी एकाकडे पाठविले, तर तो आधी सर्वांचे मनसुबे वाचील व मग स्वतःचे हुकूम लिहील. म्हणून १९६३ पासून हा खेळ टपालाने सुरू झाला, तेव्हा त्यात न खेळणारा आठवा मनुष्य पंच म्हणून नेमला जाऊ लागला. सात ठिकाणची पाकिटे त्याच्याकडे येत. ठरलेल्या दिवशी तो ती सर्व उघडी, नकाशावर कोणाचे सैन्य कोठे अडले व कोठे शिरले हे ठरवी, आणि निकालाच्या सात प्रती करून सातांना धाडी. काम मोठे जिकिरीचे होते. पंच आजारी पडला, परगावी गेला किंवा नुसता कंटाळला, तरी डाव रखडे. या खेळाचा जनक कॅलहॅमर हा पुढे स्वतः पोस्टमन झाला व त्याने अनेक वर्षे टपाल वाटण्याचे काम केले, ही एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

दरम्यान पत्राचे रूपच पालटत होते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे संदेश पाठविण्याची सोय केली. तिलाच आज ई-मेल म्हणतात. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ई-मेलने पत्राला लागणारे दिवस क्षणांवर आणले. तेव्हा एक विचार पुढे आला: पत्र जर संगणकावर येते, तर ते उघडून निकाल देण्याचे कामही संगणकानेच का करू नये? १९८०च्या दशकाच्या अखेरीस केन लोव या अमेरिकन गृहस्थाने अशी आज्ञावली तयार केली. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे व कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणारी सूचनांची मालिका. या स्वयंचलित पंचाला खेळाडू ‘न्यायाधीश’ म्हणू लागले.

या न्यायाधीशाचे काम पुढीलप्रमाणे चाले. खेळाडू आपले हुकूम ठरलेल्या पद्धतीने लिहून न्यायाधीशाच्या पत्त्यावर ई-मेलने धाडी; सोबत आपला गुप्त परवलीचा शब्द लिही, म्हणजे दुसरा कोणी त्याच्या नावाने हुकूम पाठवू शकत नसे. संगणक ते हुकूम तपाशी. जेथे सैन्यच नाही तेथून सैन्य हलविण्याचा हुकूम असला, तर तो लगेच चूक दाखवी. हुकूम बरोबर असले, तर पोच देई. मुदत संपेपर्यंत खेळाडूला आपले हुकूम बदलता येत. पण ती घटका भरली, की संगणक सर्व हुकूम एकदम लागू करी व निकाल सातांनाही पाठवी. ज्याचे हुकूम आले नाहीत, त्याला आठवण देण्याचे कामही तोच करी. खेळाडूंची एकमेकांना लिहिलेली पत्रेही त्याच्यामार्फत जाऊ शकत. त्यामुळे कोण कोणत्या गावचा आहे, हे कळल्यावाचून वर्षभर खेळ चाले.

बुद्धिबळालाही अशी सोय मिळाली. टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ साली आपला संगणकी पट सुरू केला. त्यावर खेळाडूने खेळी केली, की ती प्रतिस्पर्ध्याला दिसते. नियमबाह्य खेळी पट स्वीकारीतच नाही आणि कोणी किती दिवस विचार केला याचा हिशेब आपोआप राहतो. दहा खेळ्यांना पन्नास दिवस, अशी मुदत तेथील अनेक स्पर्धांत असते. पत्र क्षणात पोचू लागले, तरी विचाराला लागणारा वेळ कमी झाला नाही, हे यावरून ध्यानात येईल.

यंत्राच्या पंचाचे गुण उघड आहेत. तो थकत नाही. रात्री दोन वाजता आलेले पत्रही तो सकाळी आलेल्या पत्राइतक्याच लक्षपूर्वक वाचतो. त्याला कोणी मित्र नाही व कोणी शत्रू नाही. गावचा असो वा परगावचा, श्रीमंत असो वा गरीब, सर्वांना तो एकच नियम लावतो. माणसाच्या पंचाने असाच समभाव राखावा अशी अपेक्षा असते. यंत्राच्या बाबतीत तो गृहीतच असतो.

पण यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचाही विचार केला पाहिजे. डिप्लोमसी खेळताना एका खेळाडूने शेजाऱ्याला वचन दिले, “या वर्षी माझे सैन्य तुझ्या पाठीशी उभे राहील,” आणि हुकूम मात्र उलटा लिहिला, तर न्यायाधीश तो हुकूम निमूटपणे अमलात आणतो. सैन्य हलविण्याचा नियम मोडला गेला नाही, एवढेच त्याला कळते. दिलेले वचन मोडले गेले, हे त्याच्या तपासणीत येत नाही. खेळाचे नियमही अशा चालीला मनाई करीत नाहीत. परंतु सैन्ये सारख्याच बळाची असल्यामुळे एकट्याने कोणालाच पुढे सरकता येत नाही. ज्याने एकदा फसविले, त्याच्या पुढच्या वचनावर कोण विश्वास ठेवील? पाठिंब्यावाचून तो आपल्याच सरहद्दीत अडकून पडतो. शब्दाला किंमत असते, हा धडा हा खेळ असा हिशेबाने शिकवितो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या बर्लिनरने पत्रांनी खेळून जगज्जेतेपद मिळविले, तोच पुढे संगणकशास्त्राचा अभ्यासक झाला. त्याने रचलेल्या आज्ञावलीने १९७९ साली बॅकगॅमन या फाशांच्या खेळात त्या वेळच्या जगज्जेत्याला एका सामन्यात हरविले. मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव याच्याविरुद्धचा सहा डावांचा सामना जिंकला. आज साध्या मोबाईलमध्येही उत्तम खेळाडूंना भारी पडणारी आज्ञावली मावते. आंतरराष्ट्रीय टपाली संघटनेने आपल्या स्पर्धांत संगणकाची मदत घेण्यास मुभा दिली आहे. तेथे सर्वांनाच ती मुभा असल्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. पण इतर बहुतेक ठिकाणी अशी मदत घेण्यास मनाई असते. दोन मित्रांनी आपसांत “यंत्राला विचारावयाचे नाही,” असे ठरविले, तर तोही नियमच झाला. तो पाळला जातो की नाही, हे प्रत्येक वेळी कोण पाहणार? वसमतच्या घरात ताई एकटी बसलेली असते. तिच्या समोर पट असतो आणि शेजारी मोबाईल. दाराआड कोणी उभे नसते.

हा प्रश्न नवा नाही. १८२८ साली हैदराबादचा खेळाडू आपली खेळी ठरविताना काय काय करतो, हे मद्रासच्या खेळाडूला दिसत नव्हते. मध्ये सहाशे किलोमीटरचा रस्ता होता. तरीही तो डाव खेळला गेला, कारण दुसरी बाजू ठरल्याप्रमाणे वागेल, असा दोन्ही बाजूंचा विश्वास होता. हरकाऱ्याच्या जागी आगगाडी आली, पोस्टकार्डाच्या जागी ई-मेल आला, गुरुजींच्या जागी आज्ञावली आली. पण विश्वासाच्या जागी ठेवता येईल असे दुसरे काही अजून सापडलेले नाही. पंच पटाचे रक्षण करू शकतो. खेळाडूच्या सचोटीचे रक्षण खेळाडूलाच करावे लागते.

हिंगोली हा १ मे १९९९ पासून परभणीहून वेगळा जिल्हा झाला आहे. तेथील विद्यार्थ्याला आज कळमनुरीच्या, केरळच्या किंवा कॅनडाच्या मुलाशीही घरी बसून डाव मांडता येतो. आपला प्रतिस्पर्धी कसा दिसतो, कोणती भाषा बोलतो, हे त्याला ठाऊक नसेल. त्याची ओळख केवळ त्याच्या खेळ्यांवरून होईल. त्यालाही या विद्यार्थ्याची ओळख त्याच रीतीने होणार. मुदतीच्या आत आलेले उत्तर, हरत असतानाही मध्येच न सोडलेला डाव, आणि स्वतःच्या बुद्धीने शोधलेली खेळी, मग ती चुकीची का असेना, यांवरून दूरच्या माणसालाही समोरच्याची पारख होते. अशा खेळाडूकडून हरण्यातही कमीपणा वाटत नाही, आणि त्याच्याशी पुन्हा डाव मांडावा, अशी इच्छा होते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हैदराबाद व मद्रास यांच्यातील सामन्याचे डाव आज कशामुळे पाहता येतात?
(आ) आलेली खेळी उत्तरात पुन्हा का लिहावयाची?
(इ) लंडनकरांनी कोणती मागणी केली व एडिंबरोकरांनी ती का नाकारली?

२. कारणे द्या.
(अ) एकी-बेकीचा खेळ टपालाने खेळण्यास तिसरा मनुष्य लागतो.
(आ) डिप्लोमसी या खेळात वचन मोडणारा खेळाडू पुढे अडचणीत येतो.

३. ‘पंच पटाचे रक्षण करू शकतो. खेळाडूच्या सचोटीचे रक्षण खेळाडूलाच करावे लागते.’ या वाक्यांचा अर्थ शाळेतील किंवा घरातील एखादे उदाहरण देऊन दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: मजल दरमजल जाणे, आवाक्यात येणे, घटका भरणे, गुपित राखणे, पारख होणे.

५. पटाचे चित्र काढून घरांना अंकपद्धतीने पत्ते द्या. ५२५४, ५७५५, ७१६३, २८३६ या चार खेळ्या क्रमाने करा व चौथ्या खेळीत कोणती सोंगटी कोठून कोठे गेली, ते लिहा.